चाली टेंब्यांच्या

'मानापमान' म्हटलं की आठवतात बालगंधर्व. फार तर खाडिलकर. चाली कुणाच्या, हे कुणी विचारतच नाही! त्या आमच्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या.

किर्लोस्कर, देवल ही नाटककार मंडळी पदांच्या चाली बहुधा स्वतःच ठरवत. १९११ साली 'मानापमाना'च्या वेळी मात्र हे काम टेंब्यांकडे आलं. टेंबे पेटीवाले. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसलेले, अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं कानात मुरलेलं. त्यांनी पूरबी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसवले. म्हणजे चाल आधी, पद मागाहून. खाडिलकर पडले 'केसरी'तले, लेखणी धारदार; पण इथे तिलाही सुरांच्या मापानं चालावं लागलं. काही पदं नुसती वाचली तर अवघडल्यासारखी वाटतात ती यामुळेच, असं आपलं माझं मत. गाताना ते कळतही नाही.

१९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मालक तिघे, नाव एकाचं. टेंबे पुढे बाहेर पडले. १९३२ साली कोल्हापुरातच, 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त, ते स्वतः हरिश्चंद्र झाले. संगीतही त्यांचंच...