समर्थांचं नेटवर्क: इंटरनेट नसताना विश्वास कसा टिकला?

ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरायला एक सेकंद पुरतो. पण त्यातल्या अनोळखी माणसावर विश्वास कधी बसतो? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर नेटवर्कशीच गाठ. तरी या प्रश्नाचं चांगलं उत्तर मला सतराव्या शतकात सापडलं.

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ हे गाव आहे. इथे १६०८ साली नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले, म्हणजेच समर्थ रामदास. थोरले भाऊ गंगाधरपंत गावातच राहिले, धाकट्याने मात्र गाव सोडलं. पुढे चाफळ, मिरज, डोमगाव ते थेट तंजावरपर्यंत रामदासी मठ उभे राहिले.

आता बघा, फोन नाही, छापखाना नाही. निरोप जायचा तो कुणाच्या तरी पायांनी. मग ही माणसं एकमेकांना धरून कशी राहिली? दासबोध चाळला की तीन गोष्टी हाती लागतात, असं मला वाटतं.

पहिली, भिक्षा. चौदाव्या दशकात तिच्यावर अख्खा समास आहे. भिक्षेच्या निमित्ताने गावोगाव हिंडायचं, माणसं पारखायची. आणि पुढ्यात ढीगभर आलं तरी थोडंच घ्यायचं. जो थोडं घेतो आणि पुन्हा येतो, त्याची लोकांना भीती वाटत नाही. ओळख नाही तोच लिंक पाठवून पैसे मागणाऱ्याचं नेमकं उलटं!

दुसरी, नक्कल. २० दशक, २०० समास, सगळं हाताने उतरवायचं. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लिहावं कसं यावर आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे, इतकी काळजी. एका प्रतीत चूक झाली की ती पुढच्या प्रतींत जाते. न वाचता फॉरवर्ड करणाऱ्यांनी हा समास जरूर वाचावा.

तिसरी, जबाबदारी. वेणाबाई बालविधवा. त्या काळात अशा बाईच्या वाट्याला घराचा कोपराच यायचा. तिच्याकडे मिरजेचा मठ आला. चाफळचा कारभार अक्काबाईंनी पाहिला. नुसतं मेंबर करून ठेवलं नाही, काम सोपवलं.

अर्थात दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. लेखनाचा तोच समास ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो. कुणाला आत घेतलं आणि कोण बाहेर राहिलं, हे आपल्या ग्रुपलाही विचारायला हवं.

पण या जाळ्यातला विश्वास किती टिकला, ते ऐका. १८९३ साली धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं गोळा करायला घेतली. समर्थांना जाऊन दोनशे वर्षं उलटली होती, तरी मठांमध्ये पोथ्या जपलेल्या होत्या. डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती, तिच्यावरून देवांनी दासबोध छापला. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी ती पोथी वाळवीपासून, पावसापासून वाचवली होती. लिहिणाऱ्याला त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलंही नव्हतं.

तुमच्या ग्रुपमध्ये असं जपण्यासारखं काय आहे? आज एवढंच ठरवूया, की पुढचा मेसेज पाठवण्याआधी तो नीट वाचायचा. आणि महिनाभर गप्प असलेल्या एखाद्याला फोन करून विचारायचं, "कसा आहेस रे?"

भेटू पुढच्या भागात!