सॉफ्टबॉलचे मैदान आणि आमची व्यायामपरंपरा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाट्यप्रयोग, गणेशोत्सव आणि व्याख्यानमाला यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी समाजाने पुष्कळ ठिकाणी देऊळ आणि वाचनालय यांच्या जोडीने एक आखाडाही उभा केला होता, याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. ती आठवण येथे आम्ही एका अगदी वेगळ्या निमित्ताने काढीत आहोत. ते निमित्त म्हणजे सॉफ्टबॉल हा अमेरिकन खेळ, आणि महाविद्यालयीन व विद्यापीठीय स्पर्धांसाठी त्यात कोवळ्या वयाच्या मुलामुलींची करावयाची तयारी. खेळ परका आहे. पण खेळाडू घडविण्याची जी रीत तो मागतो, ती आमच्या वाडवडिलांना परकी नव्हती, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम आपल्या नगराकडे पाहू. जबलपूर १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती गेले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभारही त्याला जोडण्यात आला. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली आणि जबलपूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. १९५६ मध्ये जबलपूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. तेच आजचे राणी दुर्गावती विश्वविद्यालय. त्याच वर्षी प्रांतांची पुनर्रचना होऊन नागपूर-वऱ्हाड एका राज्यात व जबलपूर दुसऱ्या राज्यात गेले. परंतु त्यापूर्वी अनेक वर्षे जबलपूर, नागपूर आणि अमरावती येथील महाविद्यालयीन विद्यार्थी एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली होते, ही गोष्ट विसरता कामा नये. वऱ्हाडातील व्यायामचळवळ म्हणूनच आमच्या दृष्टीने परप्रांतीची गोष्ट नाही.

त्या चळवळीचे मोठे केंद्र म्हणजे अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये ते स्थापन केले. त्याच सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांना शिस्तबद्ध रूप देण्याचे काम हाती घेतले. बडोद्यास जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकराव सामुदायिक व्यायामाचे शिक्षण देत होते, आणि तेथूनच पुढे द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांच्या संपादनाखाली अनेक खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश प्रसिद्ध झाला. बडोदे हेही महाराष्ट्राबाहेरचेच नगर. तेथील मराठी मंडळींनी असा कोश सिद्ध करावा, ही दूरदेशी राहणाऱ्या आम्हां सर्वांना अभिमान वाटावा अशी घटना आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची आणि खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली.

या सर्व कार्यात एक सूत्र समान होते. आधी शरीर, मग कौशल्य, मग स्पर्धा, असा तो क्रम होता. मल्लखांबावर चढण्यापूर्वी मुलाने दंड-बैठकांनी अंग तयार करावयाचे, आणि उस्तादाने मुलाचे वय व वाढ पाहून त्याला पुढची उडी शिकवावयाची. वर्षानुवर्षे चाललेली ही सावकाश मशागत हेच आखाड्याचे खरे शास्त्र होते.

आता सॉफ्टबॉलकडे वळू. या खेळाचा जन्म १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोतील फॅरागट बोट क्लबच्या बंदिस्त दिवाणखान्यात झाला. फुटबॉलच्या एका सामन्याचा निकाल ऐकण्यास जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. जॉर्ज हॅनकॉक याने त्या थट्टेला नियमांचे रूप दिले. १८९५ च्या सुमारास मिनिआपोलिस येथील अग्निशामक दलाच्या लुईस रोबरने आपल्या जवानांच्या व्यायामासाठी असाच खेळ मैदानात आणला. सॉफ्टबॉल हे नाव १९२६ मध्ये सुचविले गेले. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी मोठी स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षी नियमांचे एकीकरण झाले. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ मध्ये मेलबर्नला भरली व तीत ऑस्ट्रेलियाने अमेरिकेचा पराभव केला. पुढे १९९६ ते २००८ या काळात स्त्रियांचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. त्यानंतर २०२१ मध्ये भरलेल्या टोकियोच्या स्पर्धेत तो पुन्हा आला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या कार्यक्रमातही त्याला स्थान मिळालेले आहे.

अमेरिकेत महाविद्यालयीन पातळीवर हा खेळ रुजला त्यामागे एक कायदा आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. महाविद्यालयीन मुलींची पहिली मोठी अजिंक्यपद स्पर्धा १९६९ मध्ये ओमाहा येथे झाली. परंतु १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांतून लिंगभेदास मनाई करणारा कायदा झाला आणि चित्र पालटले. १९७१-७२ मध्ये तेथील माध्यमिक शाळांतून खेळणाऱ्या मुली, सर्व खेळ मिळून, सुमारे २ लाख ९४ हजार होत्या. आज ती संख्या ३० लाखांहून अधिक आहे. मुलींच्या अंगी शक्ती एकाएकी आली असे नव्हे. मैदान, शिक्षक आणि पुढे महाविद्यालयात मिळणारी जागा या तीन गोष्टी उपलब्ध झाल्या, एवढेच.

आपल्या देशात अमेरिकन खेळांना शिस्तशीर वाट प्रथम मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाने करून दिली. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी ते सुरू केले. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले आणि मध्य भारताला प्रशिक्षित क्रीडाशिक्षकांचा मोठा आधार मिळाला. सॉफ्टबॉलची अखिल भारतीय संघटना १९६१ मध्ये जोधपूर येथे दशरथमल मेहता यांच्या पुढाकाराने स्थापन झाली व पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९६७ मध्ये त्याच नगरात झाली. आज शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. महाविद्यालयात आल्यावर आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यांतून विद्यापीठाचा संघ आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी पुढची शिडी आहे.

ही शिडी कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात महाविद्यालयाच्या पायरीवर येऊन प्रथमच ग्लोव्ह हातात घालणाऱ्या मुलाची किंवा मुलीची मोठी तारांबळ उडते. याचे कारण खेळाच्या गणितात आहे. स्त्रियांच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी पिचर आणि फलंदाज यांच्यामधील अंतर ४३ फूट असते. ताशी ६० मैलांचा चेंडू सेकंदाला ८८ फूट जातो. म्हणजे फलंदाजापाशी पोहोचण्यास त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. क्रिकेटच्या ६६ फुटांच्या खेळपट्टीवर ताशी ९० मैलांच्या गोलंदाजीला जेवढा वेळ मिळतो, जवळजवळ तेवढाच हा वेळ होय. चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम. नावात मऊपणा असला तरी तो हाताला मुळीच मऊ लागत नाही. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ६० फूट. चपळ खेळाडू ते सुमारे तीन सेकंदांत कापते. तेवढ्या अवधीत क्षेत्ररक्षकाने चेंडू अडवून, उचलून, नेमका फेकावयाचा असतो. एकदा चेंडू हातातून निसटला की बेस गेलाच. असली प्रतिक्रिया अठराव्या वर्षी व्याख्यान ऐकून येत नाही. ती बाराव्या वर्षापासून अंगात मुरावी लागते.

आमच्याकडील मुले या खेळाकडे बहुधा क्रिकेटच्या सवयी घेऊन येतात. बॅट सरळ धरणे, फटका मारल्यावर ती हातात घेऊनच धावणे, दोन्ही हातांनी झेल घेणे, या त्या सवयी होत. सॉफ्टबॉलमध्ये बॅट आडवी फिरवावी लागते, फटका बसताच ती टाकून धावावे लागते आणि चेंडू ग्लोव्हच्या हाताने घेऊन लगेच दुसऱ्या हाताने फेकावा लागतो. या सवयी मोडण्यापेक्षा आमच्या जुन्या खेळांचा पाया घालणे अधिक सोपे, असे आम्हांस वाटते. विटीदांडूत उडालेल्या विटीवर नजर ठेवून फटका साधावयाचा असतो. नजर आणि हात यांचा तोच मेळ येथे हवा. खो-खोमध्ये बसल्या जागेवरून एकदम उठून धावण्याची व खांबाला वळसा घालण्याची सवय होते. बेसवरून सुटण्यास आणि वळण घेण्यास तीच उपयोगी पडते. लंगडीने एका पायावरचा तोल आणि ढकलशक्ती येते, आणि पिचरचा सारा जोर मागच्या पायाच्या ढकलण्यातूनच निघतो. दहा-बारा वर्षांच्या मुलीला या तीन खेळांत घोळवली, तर अर्धे प्रशिक्षण ग्लोव्ह घालण्यापूर्वीच पुरे होते.

पिचरची तयारी हा तर स्वतंत्र विषय आहे. येथे हात कमरेखालून, पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण वर्तुळात फिरवून चेंडू सोडतात. हे शिकविण्याचा चांगला क्रम उलटा असतो. प्रथम फक्त मनगटाचा झटका, जवळून. मग अर्ध्या वर्तुळातून, अंग बाजूला वळवून. आणि सर्वांत शेवटी पाऊल पुढे टाकून पूर्ण चक्र. आधी नेम, मग वेग. वेगाची घाई करणारी मुलगी खांद्याने चेंडू ढकलू लागते आणि ती खोड पुढे सुटत नाही. खालून टाकलेला चेंडू हाताला अपाय करीत नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती व त्यामुळे एकाच मुलीकडून दिवसभरात सामन्यामागून सामने खेळवून घेतले जात. १९९० नंतर झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे की या पद्धतीतही खांद्यावर वरून फेकण्याइतकाच मोठा ताण पडतो. म्हणून प्रत्येक संघात निदान दोन-तीन पिचर तयार कराव्यात, चेंडूंची मोजदाद ठेवावी, दुखरा खांदा लपवू देऊ नये. वाढीच्या वयात जड बॅट आणि अति सराव दोन्ही टाळावीत. उस्ताद मुलाची वाढ पाहून पुढची उडी शिकवीत असे, ते याच शहाणपणाने.

परंतु खरी अडचण तंत्रात नाही, घरात आहे. शालेय संघात चमकलेली मुलगी दहावीच्या वर्षी मैदान सोडते. बारावीत शिकवणीचे वर्ग. मग महाविद्यालयात प्रवेश. तोवर दोन-तीन वर्षांचा खंड पडलेला असतो आणि ज्या वयात कौशल्य पक्के व्हावयाचे, नेमके तेच वय निसटलेले असते. मुलाच्या बाबतीत निदान संध्याकाळचे क्रिकेट चालू राहते. मुलीच्या बाबतीत तेही नाही. पालकांची काळजी आम्ही हलकी लेखीत नाही. अंधार पडण्यापूर्वी घरी येणे, सोबत असणे, विश्वासाचा शिक्षक असणे, या रास्त अपेक्षा आहेत. त्या पुऱ्या करता येतात. आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी एक तास, तोही परीक्षेच्या काळात निम्मा, एवढ्यानेही हात आणि नजर गंजत नाहीत. भिंतीवर चेंडू मारून झेलणे, टांगलेल्या चेंडूवर बॅट फिरविणे, मनगटाचा सराव हे तर अंगणातही होते.

आपल्या गावाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. राणीताल परिसरात मध्य प्रदेश शासनाची धनुर्विद्या अकादमी आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत जबलपूरच्या मुस्कान किरारने कंपाउंड धनुर्विद्येत भारतीय महिला संघाबरोबर रौप्यपदक मिळविले, तेव्हा ती ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर होती. मध्ये न तुटलेला सराव काय करू शकतो, हे तिने आमच्या डोळ्यांदेखत सिद्ध केले. सॉफ्टबॉलला निराळा न्याय लागू होण्याचे कारण नाही.

गन कॅरेज फॅक्टरी, रेल्वे, न्यायालये आणि महाविद्यालये यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे नर्मदाकाठच्या या नगरात आली, तेव्हा त्यांनी सोबत आणलेल्या गोष्टींत भाषा होती, सण होते आणि शरीर कमावण्याची आवडही होती. भाषा आणि सण आम्ही मुलगे व मुली दोघांच्याही स्वाधीन केले. आखाडा मात्र मुलग्यांपुरताच राहिला, आणि पुढे तोही ओस पडत गेला. पन्नास वर्षांच्या या टप्प्यावर तो वारसा नव्या रूपात मुलींच्या हाती देण्याची संधी आपल्यापुढे आहे. त्यासाठी मोठी वास्तू लागत नाही. साठ-साठ फुटांचा एक चौकोन, डझनभर ग्लोव्ह, दोन बॅटी, एक जाणता शिक्षक, आणि दहावी-बारावीच्या वर्षांतही मुलीला आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानावर धाडणारे आईवडील एवढे पुरे आहे. यांपैकी पहिल्या चार गोष्टी मंडळाला मिळविता येतील. पाचवी प्रत्येक घराने द्यावयाची आहे. ती मिळाली, तर विद्यापीठाच्या संघात आमच्या मुली दिसण्यास पुढच्या पन्नास वर्षांची वाट पाहावी लागणार नाही.