पोच्या मृत्युलेखाचे कपट

कथाकार एडगर ॲलन पो ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोर येथे निवर्तला. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये ‘लुडविग’ या टोपणनावाने त्याचा विखारी मृत्युलेख आला. लुडविग म्हणजे पोचा जुना वैरी रुफस ग्रिसवोल्ड. आणि नवल असे, की पोच्या साहित्याचे संपादनही त्याच्याच हाती गेले! पोला विद्यापीठातून हाकलले, असे त्याने १८५० मध्ये छापले. वस्तुतः पैशांअभावी पोनेच १८२६ अखेर व्हर्जिनिया विद्यापीठ सोडले होते. पो मद्य घेई, हे आम्ही नाकारीत नाही. अफूच्या व्यसनाला मात्र भक्कम पुरावा नाही. ग्रिसवोल्डने पोच्या पत्रांत स्वतःची स्तुतीही घुसडली होती. आर्थर हॉब्सन क्विन यांनी मूळ पत्रे ताडून ते कपट १९४१ साली उघड केले. तोवर पोला जाऊन ९२ वर्षे लोटली होती.