लोण्याचा पिवळा रंग

आपल्या मालाचें वेष्टन कोणत्या रंगाचें असावें, डबा कोणत्या रंगानें रंगवावा, हें ठरविण्यासाठीं आजच्या मोठ्या कंपन्या तज्ज्ञ नेमतात आणि रंगाचा गिऱ्हाइकाच्या मनावर काय परिणाम होतो याचीं टिपणें ठेवितात. या विद्येला आतां मानसशास्त्राचा दर्जा आला आहे. परंतु ती पुस्तकांत येण्याच्या पुष्कळ आधींपासून अमेरिकेंत तिच्यावरून कायदे होत होते, खटले चालत होते. हें भांडण सुमारें ८० वर्षें चाललें, आणि तें होतें लोण्याच्या पिवळ्या रंगाबद्दल.

त्याचें मूळ फ्रान्समध्यें आहे. तिसऱ्या नेपोलियन बादशहाच्या कारकीर्दींत तेथें लोणी गरिबाच्या आवांक्याबाहेर गेलें होतें. आरमारासाठीं व गोरगरिबांसाठीं लोण्यासारखा, पण स्वस्त व टिकाऊ पदार्थ शोधून काढणारास बादशहानें बक्षीस लाविलें, आणि १८६९ सालीं मेज-मूरिएस या रसायनशास्त्रज्ञानें गुरांची चरबी व दूध यांपासून तो करून दाखविला. मोत्याला ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून आलेलें मार्गरिन हें नांव त्याला पडलें. पदार्थ खरोखरच मोत्यासारखा पांढुरका होता. हा पांढुरकेपणाच पुढें त्याच्या मुळावर आला.

पाश्चात्त्य देशांत लोणी म्हणजे गाईचें, आणि गाईचें लोणी पिवळें, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. हा पिवळेपणा हिरव्या गवतांतील कॅरोटिन नांवाच्या द्रव्यामुळें येतो. उन्हाळ्यांत गाई कुरणांत चरतात तेव्हां लोणी सोन्यासारखें दिसतें; हिवाळ्यांत त्याच गाई गोठ्यांत वाळलेलें गवत खातात आणि लोणी फिकट पडतें. फिकट लोण्याला उठाव कमी. म्हणून गवळी हिवाळी लोण्यांत गाजराचा रस किंवा शेंद्रीच्या बियांचा रंग मिसळीत. म्हणजे गिऱ्हाईक ज्या रंगावरून लोणी पारखीत होतें, तो रंग वर्षांतले कित्येक महिने गवळ्याच्याच हातचा होता. मार्गरिनच्या कारखानदारांनीं तीच शेंद्री उचलली, आणि गवळ्यांनीं फसवणुकीची हाकाटी सुरू केली. ही हाकाटी अगदींच खोटी नव्हती. लोण्याच्या नांवाखालीं मार्गरिन खपविणारे दुकानदार होतेच. पण ओरडणाराचे हातहि पिवळे होते, हें विसरतां येत नाहीं.

१८८६ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें मार्गरिनवर रत्तलामागें २ सेंट कर बसविला. निरनिराळ्या संस्थानांनीं त्याहून कडक कायदे केले. मॅसॅच्युसेट्सनें पिवळ्या मार्गरिनला बंदी घातली, आणि १८९४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती उचलून धरली. न्यू हॅम्पशायरनें तर, मार्गरिन गुलाबी रंगविल्यावांचून विकूंच नये, असें फर्माविलें. हा कायदा करणारांनीं मनुष्यस्वभाव बरोबर ओळखला होता. गुलाबी रंगानें चव बिघडत नाहीं, प्रकृतीस अपाय होत नाहीं. परंतु गुलाबी लोणी पावाला लावून खाण्याची इच्छा कोणास होणार? ही अट नांवाची असून प्रत्यक्षांत बंदीच आहे, हें न्यायाधीशांनाहि पटलें, आणि १८९८ सालीं तो कायदा रद्द झाला. १९०२ सालीं मग काँग्रेसनें करच रंगावर बसविला: पिवळ्या मार्गरिनवर रत्तलामागें १० सेंट, बिनरंगी मार्गरिनवर पाव सेंट. एकाच पदार्थाच्या दोन रंगांत ४० पटींचें अंतर! शेंद्री घातलेल्या लोण्यावर असा कर नव्हता.

या कायद्याचा खरा भार पडला तो गृहिणीच्या मनगटावर. कारखानदार पांढरें मार्गरिन विकीत आणि सोबत रंगाची लहानशी पुडी किंवा गोळी देत. गृहिणीनें तो गोळा परातींत घ्यावा, रंग टाकावा आणि कणीक तिंबावी तसा तिंबीत बसावें. नीट न तिंबला तर पिवळ्या रेघा उठत. दुसऱ्या महायुद्धांत लोणी दुर्मिळ झालें तेव्हां हें काम घरोघर चाललें. वास्तविक रंगानें चवींत तिळमात्र फरक पडत नव्हता. तो पदार्थ लोणी नव्हे हें तिला ठाऊक होतें. तिला कोणी फसविलेंहि नव्हतें. तरी पांढरा गोळा पाहुण्यांपुढें ठेवणें म्हणजे घरची ओढाताण टेबलावर मांडणें, हें ती जाणून होती. श्रीमंताच्या घरीं गवळ्यानें रंगविलेलें लोणी, गरिबाच्या घरीं घरधनिणीनें रंगविलेलें मार्गरिन. आणि कर मात्र दुसऱ्याच रंगावर. हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे.

याच सुमारास लुई चेस्किन नांवाच्या रंगतज्ज्ञानें मार्गरिनच्या एका कारखानदारासाठीं प्रयोग केला. त्यानें गृहिणींना जेवावयास बोलाविलें, पिवळें मार्गरिन लोणी म्हणून वाढलें, आणि मग इतर गोष्टींबरोबर लोणी कसें होतें तेंहि सहज विचारलें. लोणी ठीक होतें, असें उत्तर आलें. वस्तूच्या रूपावरून झालेलें मत नकळत वस्तूच्याच गुणाला चिकटतें, हा सिद्धान्त चेस्किननें पुढें जन्मभर व्यापाऱ्यांना शिकविला. १९५० सालीं काँग्रेसनें हा कर काढून टाकला. दुभत्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या विस्कॉन्सिननें मात्र १९६७ पर्यंत हट्ट सोडला नाहीं. तेथील रोझलीप नांवाच्या लोणीपक्षीय प्रतिनिधीनें १९६५ सालीं डोळे बांधून परीक्षा दिली आणि मार्गरिनलाच लोणी म्हटलें! त्याच्या प्रकृतीच्या काळजीनें बायको कित्येक वर्षें त्याला घरीं गुपचूप मार्गरिनच वाढीत होती, असें त्याच्या पश्चात्‌ घरच्यांनीं सांगितलें.

हिंदुस्थानांत हा प्रश्न उलट्या बाजूनें आला. मार्गरिनचा धंदा वाढवूनच मोठ्या झालेल्या डच पेढ्या इंग्लंडच्या लीव्हर कंपनीशीं एक होऊन युनिलिव्हर कंपनी बनली होती. तिच्याच हिंदी शाखेनें १९३७ सालीं डालडा हें वनस्पति तूप बाजारांत आणलें. पिवळा डबा, त्यावर हिरवें ताडाचें झाड. आंतील पदार्थ मात्र पांढरा, आणि येथें त्याला रंगविण्याची गरजच नव्हती. कारण म्हशीच्या दुधांत कॅरोटिन जवळजवळ नसतें. तिचें तूप मुळांतच पांढरें. अमेरिकेंत जो पांढरा रंग मार्गरिनची चुगली करीत होता, तोच येथें भेसळ करणाराच्या पथ्यावर पडला. वनस्पतीला ओळखीचा रंग द्यावा अशी मागणी वारंवार झाली. परंतु निरुपद्रवी, कढईंत तापूनहि टिकणारा आणि लबाडाला काढून टाकतां न येणारा रंग हवा होता. अखेर वनस्पतींत शेंकडा ५ तिळाचें तेल घालणें सक्तीचें झालें. तिळाच्या तेलाचा अंश असलेल्या तुपाची हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल घालून परीक्षा केली कीं तें गुलाबी होतें. न्यू हॅम्पशायरनें जो गुलाबी रंग उघड्यावर मागितला, तो येथें परीक्षानळींत दडवून ठेवला. शिवाय, वनस्पतींत तुपासारखा दिसणारा रंग कदापि घालूं नये, असा नियमहि अन्नभेसळीच्या १९५५ च्या नियमावलींत आला.

लोण्याला मात्र अशी मनाई नाहीं. गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांत म्हशीचें दूध विपुल; त्या जिल्ह्यांतून पुढें आलेल्या अमूल लोण्याच्या वेष्टनावरील घटकांत मिठाबरोबर शेंद्रीचा रंग नमूद केलेला असतो.