पैनगंगेकाठचे गायक आणि आपला वाङ्मयेतिहास

यवतमाळ येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले : १९७३मध्ये ग. दि. माडगूळकर यांच्या आणि २०१९मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. मात्र या जिल्ह्याच्या वाङ्मयाचा इतिहास लिहावयाचा, तर तो केवळ मराठीचा इतिहास असू शकत नाही, असे आम्हांस वाटते.

घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत गोंड, परधान आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या परस्परांच्या शेजारी नांदत आले आहेत. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविडी भाषा. पण कोलामी ही गोंडीची बोली नव्हे, ती स्वतंत्र भाषा आहे. सेतुमाधवराव पगडी यांचे कोलामीचे व्याकरण १९५०मध्ये, तर मरे एमेनो यांचा वर्ध्याकडील कोलामीवरचा ग्रंथ १९५५मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी भाषेच्या तत्त्वावर राज्यांची पुनर्रचना झाली. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर बोलल्या जाणाऱ्या कोलामीचा विचार त्या तत्त्वात कोठेच नव्हता.

परधानांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागात पाहिले, की परधान घरी मराठी बोलतात. परंतु किंगरीच्या साथीने गोंडांच्या कुळकथा गातात, त्या गोंडीत. म्हणजे गोंडीची महाकथा जतन केली ती मराठीभाषकांनी! मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ अशी नोंद होताच ही परंपरा दृष्टिआड होते.

बोलिव्हियाच्या २००९च्या संविधानाने स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला. आपल्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत गोंडीही नाही आणि कोलामीही नाही. ही मान्यता मिळावयासच हवी. तथापि, भाषांची यादी कितीही लांबविली, तरी दोन भाषांच्या मध्ये उभा असलेला परधान तिच्यात सामावत नाही. कारण एक जमात, एक भाषा, एक वाङ्मय हे समीकरणच त्याला लागू पडत नाही.

आपले वाङ्मयेतिहास मात्र याच समीकरणावर उभे आहेत. मराठीच्या इतिहासकाराने त्याला गोंडीचा म्हणून वगळावे आणि गोंडीच्या अभ्यासकाने मराठीभाषक म्हणून, अशी ही कोंडी आहे. ती फोडण्याचे काम संविधानाचे नव्हे. ते साहित्य शिकणाऱ्या-शिकविणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.