पक्की नोकरी सोडणारा शिल्पकार : राम सुतार

अकोला असो की अमरावती, मोठ्या चौकात पुतळा असतोच. जयंतीला हार पडतो, भाषणं होतात. पुतळा कोणाचा, हे लहान पोरही सांगेल. पण घडवला कोणी, असं विचारलं तर मोठी माणसंही एकमेकांकडे पाहतात. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने अशाच एका घडवणाऱ्याची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

आपल्या दोन्ही शहरांतून जाणारा जुना सहा नंबरचा हायवे पुढे धुळ्याला जातो. त्या धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी, सुतारकाम करणाऱ्या गरीब कुटुंबात, १९ फेब्रुवारी १९२५ रोजी राम सुतार यांचा जन्म झाला. गुरू श्रीराम जोशी यांनी मुलाचा हात ओळखला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. तेथे १९५३ साली त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची दुरुस्ती केली, मग दिल्लीत माहिती व नभोवाणी मंत्रालयात नोकरी.

आणि १९५९ मध्ये त्यांनी ती सरकारी नोकरी सोडली! वय चौतीस. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. त्या काळी असा माणूस समोर आला असता तर पहिला प्रश्न असता, "तारण काय देता?" शिल्पकाराचा धंदाच मुळी तसा. आधी मातीत मूर्ती, मग साचे, मग ब्राँझचे ओतकाम. काम महिनोन्‌महिने चालते आणि पैसा अडकून पडतो.

पण हातातली कला हेच त्यांचं तारण ठरलं. चंबळवरील गांधीसागर धरणाजवळ ४५ फुटांचे स्मारक त्यांनी घडवले. त्यात चंबळ ही आई आणि मध्य प्रदेश व राजस्थान ही तिची दोन मुले. संसदेच्या आवारातील ध्यानस्थ गांधीजी (१९९३) त्यांचेच. त्यांनी केलेले गांधीजींचे अर्धपुतळे कितीतरी देशांत पोचले. नर्मदाकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला, तेव्हा सुतार ९३ वर्षांचे होते. अमेरिकेची स्वातंत्र्यदेवता चौथऱ्यासकट साधारण ९३ मीटर, म्हणजे आपला पुतळा जवळपास दुप्पट!

पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६) आणि २०२५ मध्ये जाहीर झालेला महाराष्ट्र भूषण, असे सन्मान त्यांना मिळाले. शंभरी पूर्ण करून डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी नोएडात देह ठेवला.

आपल्या सोसायटीतही गणपतीच्या आरासीत मातीत हात घालून बसणारी मुलं आहेत. त्यांच्या आई-बाबांना एवढीच विनंती : "यानं पोट भरेल का?" हे अवश्य विचारा, तो आपला हक्कच आहे. पण त्याआधी पोराचा हात एकदा नीट पाहा. गोंदूरच्या मुलाचा तो कोणीतरी पाहिला होता, बरं का!