एका अक्षराचे आधार

महाड हें आज महामार्गावरचें गांव म्हणून ओळखीचें आहे. पण एके काळीं तें बंदर होतें. सावित्रीच्या खाडींतून भरतीबरोबर माल वर येई आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. महाडच्या कोणाही व्यापाऱ्यानें आपल्यापुरती नदी खणली नव्हती, किंवा पोलादपुरावरून वर जाणारी वाट एकट्यानें फोडली नव्हती. एक साधन अनेकांनीं वापरावें यांत मोठी काटकसर असते. आणि जें सर्वांचें तें बिघडलें म्हणजे सर्वांचेंच अडतें, ही त्या काटकसरीची किंमत होय. संगणकाच्या जगांतही हाच हिशेब गेलीं पाऊणशें वर्षें चालू आहे.

१९४९ सालीं केंब्रिज विद्यापीठांत एडसॅक नांवाचा संगणक चालूं लागला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स आणि त्यांचे सहकारी डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांच्या ध्यानांत लवकरच आलें कीं, नेहमीं लागणारी तीच ती आकडेमोड प्रत्येकानें नव्यानें लिहिणें हा श्रमांचा अपव्यय आहे. म्हणून असे तयार भाग छिद्रें पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून ठेवण्यांत आले. त्या संग्रहास त्यांनीं लायब्ररी म्हटलें, आणि तें नांव आजतागायत टिकलें. ज्याला गरज असेल त्यानें फीत काढावी आणि तिची नक्कल आपल्या फितीस जोडावी, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेंत प्रत्येकाजवळ आपली स्वतंत्र नक्कल असे. पुढें आज्ञावल्या वाढल्या आणि त्याच त्या नकलांनीं जागा अडूं लागली. तेव्हां लायब्ररीची एकच प्रत यंत्रांत ठेवावी व सर्व आज्ञावल्यांनीं तीच वापरावी, ही सामाईक लायब्ररीची पद्धति रूढ झाली. तिचा लाभ उघड आहे : दोष एके ठिकाणीं दुरुस्त केला कीं सर्वांचा दुरुस्त होतो. तोटाही तितकाच उघड आहे. एका आज्ञावलीला लायब्ररीची जुनी आवृत्ति हवी आणि दुसरीला नवी, असें झालें म्हणजे एकाच घरांत दोन मालकांचा तंटा सुरू होतो.

हा तंटा सर्वांत अधिक गाजला तो मुक्त स्रोताच्या जगांत. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. देशोदेशींचे हजारों लोक एका कचेरींत न बसतां, एका मालकाच्या हुकुमावांचून, एकमेकांच्या कामावर आपलें काम रचूं लागले. १९९३ सालीं निघालेल्या डेबियनमध्यें आणि १९९५ च्या सुमारास रेड हॅटमध्यें आज्ञावल्यांचीं पॅकेजें बांधण्याची रीत पडली. प्रत्येक पॅकेजाबरोबर एक यादी असे : नांव काय, आवृत्ति कोणती, आणि चालण्यास दुसरें काय काय लागतें.

परंतु यादी असणें निराळें आणि ती पुरी करणें निराळें. यंत्र एवढेंच सांगे कीं, अमुक लायब्ररी नाहीं. ती शोधून आणावी तों ती आणखी दोन मागे; आणि त्या दोहोंपैकीं एकीचें पहिलीच्या आवृत्तीशीं पटत नसे. १९९७-९८ च्या सुमारास सी भाषेची मूळ लायब्ररीच बदलली, तेव्हां तर बहुतेक सर्व घडी पुन्हा बसवावी लागली.

यावर खरा उपाय निघाला तो ॲप्ट या साधनानें. मार्च १९९९ मध्यें डेबियनच्या २.१ या आवृत्तींत तें सर्वांच्या हातीं आलें. सर्व पॅकेजांच्या याद्या तें स्वतः वाची, कशाला काय लागतें याची सांखळी लावी आणि योग्य त्या क्रमानें सर्व कांहीं आणून बसवी. प्रश्न सुटला असें वाटलें. तथापि २००६ सालीं युरोपांतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, हें कोडें गणिताच्या अतिकठीण कोड्यांपैकीं आहे, आणि तें प्रत्येक वेळीं हमखास झटपट सोडवील अशी रीत कोणासही ठाऊक नाहीं. २००८ सालीं ओपनसूसनें तर्कशास्त्रांतील सूत्रें सोडविण्याची पद्धत त्यास लावली. व्यवहारांत तें क्षणांत सुटतें, याचें श्रेय अशा परिश्रमांस आहे.

मराठी माणसाचा याच्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. पोलादपूरच्या भोवतीं खोल दऱ्या आहेत, आणि सावित्री बाणकोटपाशीं दर्यास मिळते. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन शब्दांतील भेद मराठी वाचकाला सहज कळतो. यंत्राला तो शिकवावा लागला. लिनक्सवरील लेखनाची आज्ञावली जीटीके या लायब्ररीवर उभी असते, ती पँगोवर, पँगो हार्फबझवर, आणि अखेर टंकांतही तें अक्षर असावें लागतें. मुंबईंत इंडलिनक्सच्या कार्यकर्त्यांनीं भारतीय भाषांसाठीं झटून काम केलें. रेड हॅटनें २००४ सालीं लोहित टंक मुक्त परवान्यानें दिले आणि त्यांची निगा पुण्यांतील अभियंत्यांनीं राखली. या सांखळींतील एक कडी जुनी निघाली, तरी दऱ्यांचा दर्या व्हावयास वेळ लागत नाहीं. आणि गंमत अशी कीं, ‘लायब्रऱ्या’ या शब्दांतही तेंच अक्षर आहे!

आधार जोंवर शाबूत असतो तोंवर त्याची आठवण होत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील इंग्रजी अमदानींतला दगडी पूल पुरांत वाहून गेला. एस. टी.च्या दोन गाड्या त्याबरोबर गेल्या आणि अनेक कुटुंबांवर आकाश कोसळलें. जून २०१७ मध्यें नवा पूल खुला झाला. मनुष्यहानीची तुलना यंत्राच्या बिघाडाशीं करावयाची नाहीं. परंतु जुन्या आधारांची विचारपूस वेळेवर करावी, हा बोध दोन्हीकडे एकच आहे. मार्च २०२४ मध्यें एक्सझेड या लहानशा लायब्ररींत कोणीं तरी चोरवाट ठेवल्याचें उघडकीस आलें. ती लायब्ररी वर्षानुवर्षें मुख्यतः एकाच स्वयंसेवकानें सांभाळली होती. मदतीच्या मिषानें दुसरा आला आणि त्यानें विश्वास संपादन केला. दूरच्या यंत्रांत प्रवेश देणारी आज्ञावली कांहीं लिनक्स प्रणालींत मधल्या एका लायब्ररीमार्फत या एक्सझेडवर टेकलेली होती. प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें तो कट हुडकून काढला.

म्हणून यंत्रानें ‘अमुक लायब्ररी सांपडत नाहीं’ असें म्हटल्यास चिडण्याचें कारण नाहीं. तें आपल्या आधाराचें नांव सांगत असतें. तें नांव नीट वाचावें, तें कोणत्या पॅकेजांत आहे हें पाहावें, तें आपल्याच प्रणालीच्या अधिकृत भांडारांतून घ्यावें; आणि सूचना दडपून बळजबरीनें पॅकेज बसवूं नये, कारण आज दाबलेली तक्रार उद्यां दुसरीकडे उमटते. आणि ज्यांच्या बिनमोल श्रमांवर ही सारी रचना उभी आहे, त्यांना काम अडण्यापूर्वींच हातभार लावावा, हें अधिक चांगलें.